समीना बोलायला लागली

वडूजच्या पेठेत रहिमानचाचांचा गादी कारखाना आहे. कारखाना म्हणजे रस्त्याला लागून एक लांबट खोली, तिच्यात कापूस पिंजायचं मशीन, आणि मागच्या दाराला चिकटून घर. मशीन सुरू झालं की समोरच्या चहावाल्याच्या कपबश्या खुळखुळायच्या आणि गिऱ्हाईक काय बोलतंय ते त्याच्या ओठांवरून ताडावं लागायचं. अशा घरात चाचांचा सहा महिन्यांचा नातू कैफ सकाळी नऊ ते बारा ढाराढूर झोपायचा.

"लय गुणाचं लेकरू," शेजारच्या बाया म्हणायच्या. "आमची पोरं भांडं पडलं तरी दचकून उठत्यात."

कैफची आई समीना नुसती हसायची. ती मूळची कराडची. लग्नाला आठ वर्षं झाली होती, पण तिचा आवाज कसा आहे हे गल्लीत फार थोड्यांना ठाऊक होतं. विचारलं तेवढं सांगायची, आणि मान हलवून भागत असेल तर तेही नाही. सासऱ्यांसमोर तर ती बोलतच नसे. सासूबाई मेहरुनबी हे कौतुकानं सांगायच्या, "माझ्या सुनंचा आवाज ऐकायचा तर बांगड्यांचा ऐका."

कैफ आठ महिन्यांचा झाला तेव्हाची गोष्ट. त्याची मोठी बहीण सोनम पहिलीत होती आणि शाळेतून आली की घरात पुन्हा शाळा भरवायची. गादीवाल्याच्या घरात उशांना काय तोटा? भिंतीला टेकून नव्या उशांची ओळ लावायची, मधे कैफला बसवायचं आणि हजेरी घ्यायची. त्या दिवशी घंटा म्हणून तिनं ताटलीवर उलथनं बडवलं. मग कैफकडं बघितलं आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली, "अम्मी, कैफ उशीसारखाच हाय. मागनं कितीबी वाजवलं तरी बघत न्हाई."

समीना भाकरी थापत होती. पिठाच्या हातानं तशीच उठली. मशीन त्या वेळी बंद होतं. कैफच्या पाठीमागं उभी राहून तिनं टाळी वाजवली. पीठ उडालं. कैफ उशीच्या कोपऱ्याशी खेळत राहिला. तिनं हाक मारली, आधी हळू, मग जोरात. इतक्या जोरात ती त्या घरात कधीच बोलली नव्हती. पुढच्या खोलीतून तारिक, तिचा नवरा, हातातलं दाभण टाकून आत आला. तेवढ्यात तिची सावली भिंतीवर हलली आणि कैफ वळून तिच्याकडं बघून बोळक्यानं हसला.

"तारिकबी तीन वर्साचा व्हईस्तवर बोलला न्हवता," मेहरुनबी म्हणाल्या.

"अम्मा, बोलणं येगळं आन् ऐकणं येगळं," तारिक म्हणाला.

साताऱ्याला तपासणी ठरली. लेकरू तिथं गाढ झोपलेलं पाहिजे, म्हणून वाटेत अजिबात झोपू देऊ नका, असं सांगितलं होतं. वडूज ते सातारा एसटीत दोघांनी कैफला जागं ठेवलं. तारिकनं तळव्याला गुदगुल्या केल्या, समीनानं ओल्या रुमालानं तोंड पुसलं. पुसेगावच्या पुढं तर समोरच्या बाकावरच्या म्हाताऱ्यानं आपला फेटा काढून-घालून त्याला खेळवलं. दवाखान्यात पोचल्यावर कैफ आईच्या खांद्यावर पडला तो मेल्यासारखा झोपला. त्याच्या कपाळाला आणि कानामागं तारा चिकटवल्या. तासभर पडद्यावर रेघा हलत राहिल्या. कैफ हलला नाही.

डॉक्टरांनी कागद पुढं ठेवला. दोन्ही कानांनी बरंच कमी ऐकू येतं. मोठा आवाज लांबून आल्यासारखा कळत असेल, बोलणं मात्र कळत नसणार.

"आमच्या मशीनमुळं झालं का?" तारिकनं विचारलं.

"नाही. हे जन्मापासूनचं आहे."

तारिकनं तोच प्रश्न आणखी दोनदा विचारला. डॉक्टरांनी दोन्ही वेळा तेच उत्तर दिलं, न चिडता. परतीच्या गाडीत तो खिडकीबाहेर बघत बसला. समीनाच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. लोक गुणाचं लेकरू म्हणत होते आणि आपण हसत होतो. आई असून आपल्याला दिसलं नाही, सहा वर्षांच्या पोरीला दिसलं.

कानाची मशीनं बसवायला आणि पुढच्या शिकवणीला सांगलीला जावं लागणार होतं. तिथं विश्रामबागेत अशा मुलांसाठी एक केंद्र होतं. दोन खोल्या, भिंतीला चिकटवलेली चित्रं, आणि जमिनीवर बसून काम करणारी ऋचा नावाची तिशीतली बाई. तिनं कैफच्या दोन्ही कानांमागं इवलीशी मशीनं अडकवली, चालू केली आणि समीनाला म्हणाली, "आता त्याला हाक मारा."

समीनानं हाक मारली. कैफच्या तोंडातली चोखणी थांबली. डोळे मोठे झाले. त्यानं आईच्या ओठांकडं बघितलं, मग छताकडं, आणि भोकाड पसरलं.

"रडला म्हणजे ऐकलं," ऋचा म्हणाली. "पण एवढ्यानं होत नाही बरं का. आठ महिने त्याच्या कानावर शब्दच पडलेला नाही. तो अनुशेष तुम्हाला भरून काढायचाय. त्याच्याशी बोलायचं, सतत. हातात जे काम असेल त्याच्याबद्दल बोलायचं."

"किती वेळ?" तारिकनं विचारलं.

"तो जागा असेल तेवढा वेळ."

समीना जमिनीकडं बघत म्हणाली, "मला बोलायला येत न्हाई."

"ती कमीच बोलती, मॅडम," तारिक मदतीला आला. "मी बोलत जाईन."

"तुम्ही दिवसभर कुठं असता?"

"मशीनवर."

ऋचानं समीनासमोर मेथीची जुडी ठेवली. तिच्या स्वतःच्या पिशवीतली, घरी न्यायची. "ही निवडा. आणि काय करताय ते त्याला सांगा."

समीनानं जुडी सोडली. बराच वेळ गेला. "ही मेथी," ती म्हणाली. आणखी वेळ गेला. "हे पान. हिरवं पान. हा देठ. देठ टाकला." तिच्या कपाळावर घाम आला होता. जुडी संपेपर्यंत तिनं वीसेक वाक्यं सांगितली. निघताना ऋचानं आणखी दोन गोष्टी बजावल्या. घरात एक भाषा आधी पक्की होऊ द्या, जी आईच्या तोंडी सहज येते ती. बाकीच्या तो मागून शिकेल. आणि पिंजायच्या मशीनच्या आवाजात त्याला काही उमजणार नाही. कानाचं मशीन सगळेच आवाज मोठे करतं, आईचाही आणि कापसाचाही.

ह्या दोन गोष्टी घरी सांगायच्या कशा, ह्या विचारात ती विट्यापर्यंत गप्प होती. मग गाडी बदलली, आणि मांडीवरच्या कैफला ती हळूच म्हणाली, "ही दुसरी गाडी. ही आपल्या गावाला जाती."

घरी तारिकनं सगळं सांगितलं. त्या घरात बोली दोन होत्या. मेहरुनबी आपल्या मुसलमानी बोलीत बोलायच्या, बापलेक गिऱ्हाइकांच्या सवयीनं मराठीत, आणि सोनम समोर जो असेल त्याच्या बोलीत. समीनाच्या माहेरी मराठीच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मेहरुनबींनी कैफला मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, "ऊठ रं बाळा, दूध पी." उभा जन्म शेजारणींशी मराठी बोललेल्या बाईला मांडीवरच्या लेकराशी मराठी बोलायला जड जात होतं, हे समीनाला दिसत होतं. मेहरुनबींनी तिच्याकडं न बघताच सांगितलं, "माझी बोली कुठं पळून जात न्हाई. आधी त्याला एक तरी येऊ दे."

समीनाचं मात्र अडलं. ती कैफला घेऊन मागच्या मोरीपाशी बसायची आणि कुजबुजायची. सासऱ्यांच्या कानावर आपला आवाज जाईल हा धाक होता. कुजबुज कैफच्या मशीनला काय कळणार? चार दिवस असे गेले. पाचव्या दिवशी रहिमानचाचा मोरीच्या दाराबाहेर येऊन थांबले आणि भिंतीकडं तोंड करून बोलले.

"सूनबाई, मोठ्यानं बोल. तीस वर्सं मशीनपाशी काढली म्या. तुझ्या आवाजानं माझं काय बिघडतंय? हितनं पुढं ह्या घरात तुझा आवाज सगळ्यात मोठा पायजे."

ती पदर सारखा करून उभी राहिली. चाचा तोवर निघून गेले होते.

त्याच आठवड्यात त्यांनी मशीनही हलवलं. त्यांचा जुना दोस्त आकाराम, त्याची दहिवडी रस्त्याला पत्र्याची शेड होती. "रिकामीच हाय की गड्या, घिऊन जा किल्ली," तो म्हणाला. मशीन ट्रॅक्टरवर चढवलं तेव्हा पेठेतली माणसं बघायला आली. पेठेत जाता-येता लोक कापूस पिंजायला टाकायचे ते जागेमुळं. शेडवर गिऱ्हाईक येईल का, अशी शंका दोघा-तिघांनी काढली. "येईल न्हाईतर न्हाई," चाचा म्हणाले. "घरात लेकराला बोलणं ऐकायचं हाय." पुढच्या खोलीत आता फक्त तयार गाद्या राहिल्या. घरात इतकं शांत झालं की पहिल्यांदाच भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली.

मग समीना बोलायला लागली. तांदूळ निवडताना, धुणं वाळत घालताना, सोनमची वेणी घालताना. "आता सोनमची वेणी. एक पेड, दोन पेड, तीन पेड. रिबीन कुठली? लाल." पहिल्यांदा शब्द शोधावे लागायचे, मग ते आपोआप यायला लागले. भांड्यांना नावं पडली, मांजरीला नाव पडलं. रविवारी आकारामच्या शेतातून वांगी आली तर ती कैफच्या हातात देऊन त्यांचे काटे, देठ, रंग सगळं झालं. दर गुरुवारी वडूज ते विटा आणि विटा ते सांगली, गाडीतही तिचं तोंड चालू असायचं. कंडक्टर ओळखायला लागले. कुणी विचारलं, "लेकराच्या कानाला काय लावलंय?" तर आधी ती पदरानं झाकायची. पुढं पुढं सांगायला लागली, "ऐकू यायचं मशीन हाय. चष्मा डोळ्याला, तसं हे कानाला."

पण कैफ बोलत नव्हता. आवाजाकडं वळायचा, दार वाजलं की दाराकडं बघायचा, आईनं "चेंडू" म्हटलं की चेंडू आणायचा. तोंडातून मात्र अक्षर नाही. सात महिने झाले, आठ झाले. कराडला मामेबहिणीच्या लग्नात एक लांबची नातेवाईक सगळ्यांच्या देखत म्हणाली, "एवढं करून मुकंच राहणार असलं तर मग कशाला जिवाचा आटापिटा?"

समीनाच्या आईनं तिचा हात दाबला, जाऊ दे म्हणून. समीनानं हात सोडवून घेतला.

"त्याला वेळ लागंल, मामी," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण मांडवातल्या त्या कोपऱ्यात सगळ्यांना ऐकू गेला. "तुमचं पोर बोलायच्या आधी वर्सभर ऐकत व्हतं. माझ्या पोराला ऐकायला लागून आठच महिने झालेत. हिशोब तिथनं धरा. आन् त्याच्यासमोर मुका म्हणू नका, आता त्याला ऐकू येतंय."

माहेरच्या माणसांनी समीनाला असं बोलताना कधी पाहिलं नव्हतं. 

लग्नाहून परतून पंधरा दिवस झाले असतील. सकाळी रहिमानचाचा पुढच्या खोलीत नव्या गादीवर बसून चहा पीत होते. त्यांची जुनी सवय, चहा बशीत ओतून प्यायचा. कैफ गादी धरून उभा होता. त्यानं वाफ बघितली, चाचांच्या गुडघ्याला हात लावला आणि म्हणाला, "गम."

चाचांनी बशी ओठांपासून खाली घेतली.

"गम," कैफ पुन्हा म्हणाला आणि फू करून बशीवर फुंकर घातली. थोडा चहा चाचांच्या पायजम्यावर सांडला.

"सूनबाई," चाचांनी हाक मारली. "जरा हिकडं ये."

समीना आली. चाचांनी बशी तशीच धरली होती. कैफनं आईकडं बघितलं, बशीकडं बोट केलं आणि तिसऱ्यांदा सांगितलं. चहा गरम आहे. चुलीपाशी, ताटापाशी, अंघोळीच्या बादलीपाशी तिनं किती हजार वेळा म्हटलं असेल, गरम, गरम, फुंकर घाल. ती दाराच्या चौकटीला टेकून खाली बसली. मेहरुनबी आतून आल्या, सोनम आली, तारिकला शेडवर फोन गेला. कैफला वाटलं हा काही खेळ आहे, तो हसून हसून "गम" म्हणत राहिला. चाचांनी तो चहा प्यायला नाही. बशी मांडीवर ठेवून ते बसून राहिले. त्या दिवशी पेठेतून जाणाऱ्या प्रत्येक माणसाला त्यांनी थांबवून सांगितलं, "नातवानं मला सांगितलं, चहा गरम हाय." ज्यांना मागचा पुढचा काही संबंध लागला नाही त्यांनीही बरं वाटल्याचं दाखवलं.

त्यानंतर शब्द एकामागून एक आले. बोबडे, अर्धे, पण आले. कैफ तीन वर्षांचा झाला तोवर त्याची वाक्यं इतकी लांब झाली की मधे श्वास घ्यायला थांबावं लागायचं. आजीची बोलीही त्यानं तिच्या मांडीवर बसून उचलली होती. एके दिवशी "दादी, पानी दे गे" म्हणाला, तेव्हा मेहरुनबींनी पाणी द्यायच्या आधी शेजारणीला हाक मारून आणलं आणि त्याच्याकडून परत म्हणवून घेतलं.

गेल्या हिवाळ्यात घरोघरी फिरून लेकरांची तब्येत बघणारी आशाताई घरी आली. गावाबाहेरच्या वस्तीवर धुळा म्हणून एक मेंढपाळ होता. त्याची अकरा महिन्यांची नात हाकेला वळत नव्हती. आशाताईनं दोनदा सांगून बघितलं होतं, पण धुळा तपासणीला पाठवायला तयार नव्हता. "माझं ऐकत न्हाई. तू येतीस का?"

पाच वर्षांपूर्वी कुणी समीनाला परक्या वस्तीवर जाऊन बोल म्हटलं असतं तर ती आजारी पडली असती. आता तिनं कैफच्या मशीनचे जादा सेल पिशवीत टाकले, त्याला घेतलं आणि निघाली.

धुळा ओट्यावर बसला होता. बाजूला सून, तिच्या कडेवर पोर. समीनानं आपली सगळी हकीकत सांगितली, मशीनच्या आवाजात झोपणाऱ्या लेकरापासून. धुळानं ऐकून घेतलं.

"तुमचं पोरगं हाय, बाई. आमची पोरीची जात. कानाला तसलं लावून फिरली तर उद्या तिच्याशी लगीन कोण करंल?"

"लग्नाचं वीस वर्सांनी बघू, आबा," समीना म्हणाली. "आज तिला तहान लागली तर ती सांगती का तुमाला? रात्री अंधारात आईनं हाक मारली तर तिला कळतंय का, आई जवळ हाय म्हणून?"

धुळाची सून पोरीच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. धुळा मेंढ्यांच्या वाड्याच्या कुंपणाकडं पाठ करून बसला होता, आणि कैफही त्याच्याजवळच खडे मांडत बसला होता. तेवढ्यात कैफनं मान वर केली.

"आबा, कोकरू वरडतंय."

धुळानं कान दिला. कुंपणाच्या पार पलीकडच्या कोपऱ्यात खरंच एक कोकरू बारीक आवाजात ओरडत होतं.

"त्याची अम्मी कुठं गेली?" कैफनं विचारलं.

"चरायला."

"मग त्याला सांगा की, येती म्हणून. त्याला म्हाईत न्हाई."

धुळानं त्या पोराकडं बघितलं. कानांमागच्या दोन मशीनांकडं बघितलं. मग तो उठला, कुंपणाशी गेला आणि कोकराला उचलून घेऊन आला. कैफच्या मांडीवर ठेवलं. बराच वेळ त्याला कोकराशी बोलताना तो बघत उभा होता.

"किती वाजताची गाडी?" त्यानं समीनाला विचारलं.

"साताऱ्याची सकाळी साडेसातची. तपासणीला झोप लागती, म्हणून वाटेत पोरीला झोपू द्यायचं न्हाई. मी येते संगं. दोघी मिळून जागी ठेवू."

"मीबी येतो," धुळा म्हणाला.

समीना घरी पोचली तेव्हा ताटं मांडलेली होती आणि सगळे तिच्यासाठी थांबले होते. रहिमानचाचांनी विचारलं, "काय झालं गं?" आणि ती सांगायला लागली. धुळा काय म्हणाला, ती काय म्हणाली, सून कशी बघत होती, कोकरू कुठं ओरडलं. तारिक तिच्याकडं बघत ऐकत होता, सोनम मधेमधे प्रश्न विचारत होती, कैफ कोकराचा आवाज काढून दाखवत होता. चाचांचा घास हातातच राहिला होता. तिच्या ताटातली भाकरी मात्र कधीच संपली होती.

"तारिक," मेहरुनबी म्हणाल्या, "अजून एक भाकरी वाढ तिला. आज लांब जाऊन बोलून आलीय ती."